पेंटेकॉस्टल चळवळीचं गाव कोणतं? लॉस एंजेलिस की आपलं केडगाव?

भीमथडी
मंडळी, माझी भाची न्यू जर्सीत अकरावीला आहे. शाळेत 'विसाव्या शतकातल्या चळवळी' असा प्रकल्प दिलाय आणि चिठ्ठ्या टाकल्यावर तिच्या वाट्याला पेंटेकॉस्टल ख्रिस्ती चळवळ आली, म्हणजे पवित्र आत्म्याचा थेट अनुभव यायलाच हवा असं मानणाऱ्यांची. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं तक्ता दाखवला. मधोमध लाल शाईत 'लॉस एंजेलिस, अझुसा स्ट्रीट, १९०६' आणि तिथून जगभर बाण. एक बाण आपल्याकडेही. वर मला विचारते, "मामा, तुमच्याकडे हे इथूनच आलं ना?"

आता मी जन्मानं दौंडचा. पुण्याला शटलनं जाऊन-येऊन कॉलेज केलेलं. पाटस, कडेठाण, केडगाव, यवत ही स्टेशनं झोपेतही म्हणून दाखवीन. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे हे आमच्या डब्यातल्या पेरूवाल्यालाही ठाऊक. आणि तिथं १९०५ च्या जून महिन्यात, म्हणजे अझुसा स्ट्रीटच्या नऊ-दहा महिने आधी, असंच काहीतरी घडलं होतं एवढं मी वाचलेलं आहे. मुली रात्रंदिवस प्रार्थना करत होत्या, रडत होत्या, अंग थरथरत होतं, वगैरे.

मग बाण उलटा काढायचा का? की मी उगाच गावचा अभिमान मारतोय? जाणकारांनी सांगावं. रविवारी रात्री तिला उत्तर द्यायचंय.

रुमालवाली
रुमाल टाकून ठेवते. सावकाश वाचेन.

पत्रावळ
केडगाव दौंडचं की नगरचं? आधी एवढं मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर नगरकर येऊन श्रेय घेऊन जातील.

नगरी_लिंबलोण
@पत्रावळ, आलोच! श्रेय दौंडलाच राहू द्या, आमच्याकडे बाकीचं पुष्कळ आहे.

मी नगरच्या ख्रिस्ती घरातली, चौथी पिढी. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ ला मुंबईत उतरले आणि १८३१ पासून नगरला ठाण मांडून बसले. आमची मंडळी त्यांची. शांत, शिस्तीची. पाळक उपदेश करणार, 'उपासना संगीत' उघडून चार गीतं होणार, बाजाची पेटी वाजणार, घरी जाऊन मटण. टाळ्या वाजवणं म्हणजे आजीच्या मते 'थेटर'. त्यामुळे पेंटेकॉस्टल म्हटलं की आमच्या घरात एकच शब्द होता: 'हल्लेलुयावाले'. तो थोडा नाक मुरडूनच उच्चारला जायचा.

पण गंमत बघा. ज्यांच्या गीतांवर आम्ही वाढलो ते रेव्हरंड टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग-ओव्या थेट उपासनेत आणल्या. शेवटी १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही चालणार होते. म्हणजे बंडखोरी आमच्याकडेही होती, फक्त तिला चाल होती. अंगात येणं नव्हतं.

भीमथडी, केडगावच्या गोष्टीबद्दल माझ्या आजीचं मत विचाराल तर 'ऐकलंय बाई' एवढंच.

निरीश्वर
धागा चांगला आहे, पण मूळ प्रश्नाआधी एक प्रश्न. घडलं म्हणजे नक्की काय घडलं? दुष्काळात आईबाप गमावलेल्या शेकडो मुली एका आवारात. दिवसातून दोनदा सामुदायिक प्रार्थना. पाप, पश्चात्ताप, आग, न्याय हे शब्द सतत कानावर. त्यातल्या एकीला पहाटे काही भास झाला आणि बाकीच्यांत पसरला. याला मानसशास्त्रात साधी नावं आहेत. आपल्याकडे पालखीत, जत्रेत, कीर्तनात हेच दिसतं. त्याची जागतिक चळवळ कशी झाली हा प्रश्न मला जास्त रस वाटण्यासारखा आहे, ती कोणत्या गावची यापेक्षा.

पत्रावळ
'रस वाटण्यासारखा' म्हणजे आता हे तीन परिच्छेद लिहिणार. चहा ठेवतो.

सुकेळी
वसईकर, कॅथलिक. माझा पेंटेकॉस्टलांशी थेट संबंध नाही, पण 'चळवळ बदलते' म्हणजे काय हे आमच्या घरात डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

माझी आजी लहानपणापासून लॅटिन मिस्साला जायची. फादर वेदीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभे. 'दॉमिनुस वोबिस्कुम' म्हटलं की हिचं 'एत कुम स्पिरितु तुओ' तयार. अर्थ? काही नाही. ती मिस्सा चालू असताना खाली मान घालून रोझरीचे मणी ओढत बसायची आणि घंटा वाजली की वर बघायची. मग १९६२ ते १९६५ दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. मध्येच १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले, ओव्हल मैदानावर सगळी वसई लोटली होती म्हणतात. आणि थोड्याच वर्षांत एका रविवारी फादर लोकांकडे वळले आणि चक्क मराठीत बोलायला लागले.

आजी घरी आली ती रागानं. म्हणे, "देवाशी बोलायची भाषा काढून घेतली आणि बाजारात बोलायची दिली." मराठी तिला कळत होती हीच अडचण! कळल्यावर गूढ गेलं. घरात ती कादोडी ही आमची वसईची बोली बोलायची, त्यामुळे बाजाराची भाषा मराठीच.

पुढे दहा-बारा वर्षांनी हीच आजी रिट्रीटमध्ये हात वर करून मोठमोठ्यानं प्रार्थना करायला लागली. कॅथलिकांतही १९६७ पासून ही करिश्माई लाट आली ना, पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका शिबिरातून. तेव्हा कुठली लाट कुठून निघून कुणाच्या आजीपर्यंत पोचेल सांगता येत नाही. बाण काढताना तक्त्यावर जागा ठेवा.

रुमालवाली
सुकेळी, आजी फार आवडली.

टेक्सासराव
उशीर झाला, इथे सकाळ झाली आत्ता.

भीमथडी, भाचीचा तक्ता चूक नाही, पण त्यातली गोष्ट मात्र अर्धीच सांगतात. अझुसा स्ट्रीटचा जो मुख्य माणूस, विल्यम सीमोर, तो काळा. लुईझियानात १८७० चा जन्म, आईवडील गुलामीतून सुटलेले. एक डोळा देवीनं गेलेला. त्याचा गुरू चार्ल्स पार्हम हा गोरा. याच पार्हमच्या कॅन्ससमधल्या टोपीकाच्या बायबल शाळेत १ जानेवारी १९०१ ला एक विद्यार्थिनी 'अन्य भाषांत', म्हणजे कधी न शिकलेल्या, आपोआप तोंडून निघणाऱ्या बोलीत बोलली आणि त्यानं सिद्धांत मांडला की पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाल्याची खूण म्हणजे अन्य भाषा. पुढे पार्हमनं इथे ह्यूस्टनला वर्ग काढला. सीमोरला शिकायचं होतं. पण टेक्सासचे त्या वेळचे वर्णभेदाचे कायदे. गोऱ्यांबरोबर एका वर्गात बसता येणार नाही. मग तो बाहेर बसायचा, दार उघडं ठेवलेलं, तिथून ऐकायचा.

असा बाहेर बसून शिकलेला माणूस १९०६ मध्ये लॉस एंजेलिसला गेला. एप्रिलमध्ये एका घरात सुरुवात झाली, गर्दी मावेना म्हणून अझुसा स्ट्रीटवरची एक पडीक इमारत घेतली. आधी कृष्णवर्णीयांचं चर्च होतं, मग तबेला-गोदाम. खाली भुसा. खोक्यावर खोका ठेवून व्यासपीठ. दिवसाला तीन सभा, साधारण तीन वर्षं. आणि काळे, गोरे, मेक्सिकन सगळे एकत्र, खांद्याला खांदा लावून. त्या काळी हे अन्य भाषांपेक्षा मोठं आश्चर्य. १८ एप्रिलला लॉस एंजेलिस टाइम्सनं खिल्ली उडवणारी बातमी छापली. त्याच पहाटे सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भूकंप. लोक म्हणाले, बघा!

मी श्रद्धावान वगैरे नाही. माझ्या ऑफिसच्या एका मित्रानं एकदा इथल्या लेकवुड चर्चला नेलं. ते आधी बास्केटबॉलचं स्टेडियम होतं, २००५ पासून चर्च. पार्किंगवाले स्वयंसेवक हातवारे करून गाड्या लावतात, दिवे, ड्रम, पडद्यावर शब्द. मला पहिल्यांदा वाटलं अजय-अतुलचा कार्यक्रम आहे. पण ज्या शहरात सीमोर दाराबाहेर बसला त्याच शहरात हे, एवढं डोक्यात राहिलं.

हरभऱ्याचं_झाड
वर्गाबाहेर बसून शिकणारा मुलगा म्हटल्यावर आपल्याला दुसरं कुणी आठवतंय का? गोणपाटासकट?

टेक्सासराव
@हरभऱ्याचं_झाड, लिहिताना तेच डोळ्यासमोर होतं. १९०० च्या आसपास साताऱ्यात भीमराव आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांत ह्यूस्टनला सीमोर.

नगरी_लिंबलोण
आता हा विषय निघालाच आहे तर आमच्या अंगणातलंही सांगते. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुतेक महार आणि मांग. बाप्तिस्म्यानं जात जाते असं पुस्तकात. प्रत्यक्षात लग्न जमवताना 'ते आपल्यातले नव्हेत' हे मी स्वतः माझ्या आत्याच्या तोंडून ऐकलंय, एकाच मंडळीतल्या, एकाच बाकावर बसणाऱ्या कुटुंबाबद्दल. तेव्हा टेक्सासकडे बोट दाखवताना जरा बेतानं.

व्यवस्थापक
धर्मांतर, निवडणूक आणि परदेशी पैसा यांवरचे सात प्रतिसाद उडवले आहेत. तो वेगळा धागा आहे आणि तोही बंद आहे. इथे विषय इतिहासाचा. धन्यवाद.

पत्रावळ
सातातला एक माझा होता का? मी फक्त चहाचं लिहिलं होतं.

अबोली
मी इतिहास जाणत नाही, पण घरातलं सांगते. माझी मामी, मधुमेहाची पेशंट. चार वर्षांपूर्वी एका रोगमुक्तीच्या सभेला जायला लागली. नाव घेत नाही. तिथं व्यासपीठावरून सांगितलं की गोळी घेणं म्हणजे अविश्वास. हिनं गोळ्या बंद केल्या. दीड महिन्यात साखर साडेपाचशे, पायाला जखम, अकरा दिवस दवाखान्यात. मामानं सभेवाल्यांना फोन केला तर उत्तर आलं, तिचा विश्वास कमी पडला. तेव्हापासून मला 'हल्लेलुया' ऐकलं की तो दवाखान्याचा वास येतो. माफ करा.

पहाटपाखरू
अबोलीताई, तुमच्या मामींचं वाचून वाईट वाटलं. असं सांगणारे आहेत, आणि आमच्यातलेच आहेत. ते चूकच. आमच्या पास्टरांना स्वतःला बीपीची गोळी आहे, ते भर सभेत खिशातून काढून दाखवतात.

मी पिंपरीला राहतो, पेंटेकॉस्टल मंडळीत जातो. भाड्याचा हॉल, खाली फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. माझे वडील कंपनीतून सुटले की थेट गुत्त्यात. पगाराच्या दिवशी आई गेटवर उभी राहायची. १९९४ साली शेजारच्या काकांनी त्यांना संजीवन, म्हणजे श्रद्धा नव्यानं जागवणाऱ्या, सभेला नेलं, आणि ते सुटलं. का सुटलं यावर निरीश्वर साहेब छान लिहितील आणि मला ते पटेलही. पण आमच्या घरात त्या वर्षी पहिल्यांदा फ्रीज आला हे खरं आहे.

आणखी एक. आमच्याकडे साक्ष द्यायला उठतात त्यात निम्म्याहून अधिक धुणीभांडी करणाऱ्या बायका. हातात माईक घेऊन शंभर लोकांसमोर दहा मिनिटं बोलतात. त्यांना दुसरीकडे कुठं कुणी माईक देतं?

निरीश्वर
@पहाटपाखरू, छान लिहिणार नाही. फ्रीजपुढे माझा युक्तिवाद चालत नाही. :)

माईकचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. ज्याला पोथी वाचता येत नाही, ज्याला चर्चची पदवी नाही, त्याला 'आत्मा माझ्यातून बोलतो' म्हणता आलं की सगळी उतरंड कोसळते. ही चळवळ गरिबांत का पसरली याचं मला तरी हेच कारण वाटतं. ब्राझीलचं बघा. १९७० च्या जनगणनेत ९० टक्क्यांहून जास्त कॅथलिक होते, २०२२ मध्ये ५७ टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यांत इव्हँजेलिकल सुमारे २७ टक्के, आणि त्यांत पेंटेकॉस्टलांचा भरणा मोठा. ही गळती रोमनं काही केलं म्हणून नाही, झोपडपट्टीत कोण पोचलं म्हणून.

सुकेळी
अंशतः असहमत. रोमनं काहीच केलं नाही असं नाही, लॅटिन अमेरिकेत मुक्तीचं ईश्वरशास्त्र (लिबरेशन थिऑलॉजी, गरिबांच्या बाजूनं उभं राहणारं) कॅथलिकांनीच मांडलं. तिकडे एक वाक्य फिरतं, अर्थ असा: चर्चनं गरिबांची निवड केली आणि गरिबांनी पेंटेकॉस्टल व्हायचं निवडलं.

पत्रावळ
हे आमच्या सोसायटीच्या वाचनालयासारखं झालं. आम्ही वाचकांची निवड केली, वाचकांनी वायफाय निवडलं.

दप्तरखाना
दोन दिवस धागा वाचतोय. मूळ प्रश्नाकडे येतो. जरा लांबण लागेल.

आधी तारखा. वेल्समध्ये १९०४ च्या शेवटाला इव्हान रॉबर्ट्स या पूर्वी खाणीत काम केलेल्या तरुणाच्या सभांतून संजीवनाची लाट उठली. वेल्श मिशनरी खासी टेकड्यांत होते, तिथे ती १९०५ मध्ये पोचली, पुढे मिझो भागातही. रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत मुक्तीत प्रार्थनेचा गट सुरू केला. सुरुवातीला सत्तर जणी, जूनपर्यंत साडेपाचशे, दिवसातून दोनदा. २९ जूनच्या मध्यरात्रीनंतर, पहाटे साडेतीनच्या सुमाराला वसतिगृहातली एक मुलगी जागी झाली. आपल्या अंगावर आग उतरतेय असं तिला जाणवत होतं. शेजारच्या मुलीला खरंच ज्वाळा दिसल्या. ती धावत गेली, पाण्याची बादली उचलून आणली, आणि ओतणार एवढ्यात तिच्या लक्षात आलं की ही जळत नाहीये.

हे मिनी एब्रम्स यांनी लिहून ठेवलंय. या बाई अमेरिकन मेथडिस्ट, १८८७ मध्ये मुंबईला आल्या, मराठी शिकल्या, १८९८ पासून केडगावला रमाबाईंबरोबर. भीमथडी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर रमाबाईंपेक्षा या बाईंपाशी आहे.

अमेरिकेतले अभ्यासक म्हणतात, केडगावात संजीवन झालं, पण ते 'पेंटेकॉस्टल' म्हणता येईल का? कारण त्यांची व्याख्या पार्हमची: अन्य भाषा आल्या तरच. मुक्तीत अन्य भाषांची लाट नक्की १९०५ ची की १९०६ ची यावर काथ्याकूट चालू आहे. स्वतः रमाबाई कधी अन्य भाषांत बोलल्या नाहीत, आणि ज्या बोलल्या त्यांना त्यांनी अडवलंही नाही. त्यांचं म्हणणं, ते एक दान आहे, पण एकमेव खूण नाही. म्हणजे टोपीकाची फूटपट्टी लावली तर केडगाव नापास, आणि केडगावची लावली तर टोपीका एकांगी. बर्मिंगहॅमचे अॅलन अँडरसन यांच्यासारखे अभ्यासक म्हणूनच म्हणतात की या चळवळीला एक उगम नाही, अनेक आहेत.

आता पुरावा. मिनीबाईंनी १९०६ मध्ये मुक्तीतल्या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली, पवित्र आत्म्याच्या आणि अग्नीच्या बाप्तिस्म्याविषयी. ती त्यांनी आपल्या एका जुन्या मैत्रिणीला पाठवली. शिकागोच्या मिशनरी शाळेत दोघी बरोबर होत्या. ही मैत्रीण लग्नानंतर नवऱ्याबरोबर चिलीत, वाल्पराइसो बंदरात. नवरा विलिस हूव्हर, तिथल्या मेथडिस्ट चर्चचा पाळक. १९०७ मध्ये पुस्तिका पोचली, नवराबायकोनं वाचली, पत्रव्यवहार सुरू झाला, १९०९ मध्ये वाल्पराइसोत तीच लाट. वरिष्ठ चिडले, १९१० मध्ये हूव्हर बाहेर पडले आणि चिलीची मेथडिस्ट पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. आजही ही मंडळी तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देते, जे अमेरिकेतली बहुतेक पेंटेकॉस्टल चर्चं करत नाहीत, आणि 'अन्य भाषा हीच एकमेव खूण' हा आग्रहही तिथे नाही. घराणं वेगळं आहे हे गाण्यावरूनच कळतं.

म्हणजे केडगाव ते वाल्पराइसो. मध्ये लॉस एंजेलिस नाही.

मग नाव अझुसाचंच का झालं? त्यांच्याकडे 'अपोस्टॉलिक फेथ' नावाचं वर्तमानपत्र होतं. सप्टेंबर १९०६ पासून फुकट वाटायचे. भारतातल्या संजीवनाची बातमीही त्यांनी त्याच वर्षी छापली, म्हणजे आपल्या आधी तिकडे झालंय हे त्यांना माहीत होतं. फ्रँक बार्टलमन हा तिथलाच माणूस, त्यानंही पुढे कबूल केलं की ही लाट वेल्समध्ये पाळण्यात होती, भारतात वाढली आणि लॉस एंजेलिसमध्ये जाणती झाली. नंतरच्या लोकांनी मधलं वाक्य गाळलं.

रुमालवाली
उभं राहून टाळ्या. रुमाल उचलला.

नगरी_लिंबलोण
वाल्पराइसो! आजीला हे सांगायला ती हवी होती.

निरीश्वर
@दप्तरखाना, उत्तम. पण एक लक्षात घ्या, ज्या मुलीला आग जाणवली तिचं नाव कुठे आहे? मिनीबाईंचं आहे, रमाबाईंचं आहे, हूव्हर साहेबांचं आहे.

दप्तरखाना
खरं आहे. त्यावर उत्तर नाही.

सुकेळी
रमाबाई आल्याच आहेत तर माझी एक आवडती गोष्ट. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांकडे. त्या सिस्टरांच्या क्रुसावर लॅटिन वचन कोरलेलं असायचं. रमाबाई अडून बसल्या, मला ते संस्कृतात हवं. सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रातला वाद तर वाचण्यासारखा आहे. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटलेय, दुसऱ्या तसल्याच जोखडात मान घालायची माझी इच्छा नाही, असं स्पष्ट लिहिलंय.

माझ्या आजीला मराठी मिस्सा १९६० च्या दशकात नको होती आणि या बाईंना १८८० च्या दशकात लॅटिन नको होतं.

हरभऱ्याचं_झाड
आणि याच बाईंनी पुढे हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, छपाईची जुळणीही मुक्तीतल्या बायकांनी केली. १९२२ ला त्या गेल्या, ते १९२४ ला बाहेर आलं. इकडे पुण्यात १८९३ च्या शारदा सदनच्या, म्हणजे त्यांच्या विधवांसाठीच्या संस्थेतल्या धर्मांतराच्या, वादानंतर आपण त्यांना जे विसरलो ते विसरलोच.

पत्रावळ
अवांतर: केडगावला गेलात तर गूळ आणा. स्टेशनात उतरल्यावर चरकाचा वास येतो. नारायण महाराजांचं बेटही जवळच. एका फेरीत दत्त, ख्रिस्त आणि काकवी.

टेक्सासराव
दप्तरखाना, एक पुरवणी. अझुसाचं पुढे काय झालं तेही तक्त्यावर यायला हवं. १९०६ च्या ऑक्टोबरात गुरू पार्हम स्वतः बघायला आला आणि काळे-गोरे एकत्र बघून भडकला. सीमोरनं त्याला परत पाठवलं. पण हळूहळू फाटलंच. १९१४ मध्ये अर्कान्सासच्या हॉट स्प्रिंग्जला असेंब्लीज ऑफ गॉड निघाली ती मुख्यतः गोऱ्यांची. काळ्यांची मोठी संघटना चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट. सीमोर १९२२ मध्ये गेला, रमाबाई गेल्या त्याच वर्षी. अझुसाची इमारत १९३१ मध्ये पाडली. गोऱ्या-काळ्या पेंटेकॉस्टलांनी मेम्फिसला एकत्र येऊन एकमेकांची माफी मागायला १९९४ उजाडलं. तिथं एका गोऱ्या पाळकानं एका काळ्या बिशपचे पाय धुतले.

नगरी_लिंबलोण
एकत्र येण्यावरून आठवलं. आमच्या मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाल्या. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, सगळे मिळून सहा प्रवाह. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले, म्हणजे लग्नात एक मामा रुसतोच. आणि आता आमच्या मंडळीतली तरुण पोरं रविवारी सकाळी उपासनेला येतात, आईवडिलांसाठी, आणि संध्याकाळी गिटारवाल्या हॉलमध्ये जातात. पाळकांना माहीत आहे. त्यांचा मुलगाच तिथं ड्रम वाजवतो.

पहाटपाखरू
आमच्याकडे उलटं सुरू झालंय. परवा एका मुलानं विचारलं, आपल्यात टिळकांची जुनी गीतं का नाहीत? पेटी शोधतोय. कुणाकडे वापरातली असेल तर सांगा, भाता फुटका नको.

भीमथडी
सगळ्यांचे आभार. एवढं अपेक्षित नव्हतं.

काल रात्री भाचीशी दीड तास बोललो. तक्ता नवा केलाय. लॉस एंजेलिसचं लाल वर्तुळ पुसायला ती तयार नव्हती, आणि टेक्सासरावांचं वाचून मलाही ते पुसावंसं वाटेना. मग आणखी वर्तुळं काढली. वेल्स, टोपीका, खासी टेकड्या, केडगाव, वाल्पराइसो. केडगावहून चिलीला बाण नेताना अख्खा अटलांटिक ओलांडला आणि तिचं जांभळं स्केचपेन सुकलं, शेवटचे चार इंच हिरवे आहेत. वर्गात 'केडगाव' म्हणायचं कसं ते तिनं माझ्याकडून सहा वेळा म्हणवून घेतलं. अजूनही ड चा र होतोय.

फोन ठेवताना तिनं एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मला देता आलं नाही. "मामा, त्या बादलीतल्या पाण्याचं मग काय केलं?"

पत्रावळ
दौंड तालुका, जून महिना, पाऊस आला तर आला. परत रांजणात ओतलं असणार.